मांडीवर झोपलेलं बाळ खाली ठेवल्यावर उठू नये म्हणून

मांडीवर गाढ झोपलेलं बाळ गादीला पाठ टेकताच टक्क डोळे उघडतं. दोन ते पाच महिन्यांचं बाळ असलेल्या बहुतेक घरांत दिवसाच्या झोपेचं घोडं इथेच अडतं. माझी दोन, मग बहिणीची, आता भाच्यांची, अशी बरीच बाळं मी झोपवली आहेत. या कामाबद्दल दिले जाणारे काही सल्ले ऐकले की मला राहवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दूध, ढेकर, कोरडा लंगोट हे तुम्ही केलेलंच असणार. तेल लावून अंघोळ घातल्यावरची झोप तर आयतीच मिळते. प्रश्न असतो त्यानंतरच्या झोपांचा.

आधी वेळ धरायची. बाळ उठलं की घड्याळ बघून ठेवा. दोन महिन्यांपर्यंतचं बाळ साधारण तासभर जागं राहू शकतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सव्वा ते दीड तास, पाचव्या महिन्यात दोन तासांच्या आसपास. दूध पिण्यात गेलेला वेळही यातच धरायचा. नजर एकाच जागी लागली, हसवायला गेलं तर तोंड फिरवलं, भुवया लालसर झाल्या की बाळाला उचला. डोळे चोळणं आणि किरकिर सुरू झाली म्हणजे तुम्हाला उशीर झालाय. ‘जरा खेळवून दमवा, मग झोपेल’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. जास्त दमलेलं बाळ पाठीची कमान करतं, हातपाय झाडतं आणि झोपायला दुप्पट वेळ घेतं.

‘दिवसा झोपू देऊ नका, रात्री जागेल’ हाही तसलाच. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला चोवीस तासांत १४ ते १७ तास झोप लागते, ती एकट्या रात्रीत मावत नाही. दिवस-रात्रीची उलटापालट होत असेल तर जागेपणी बाळाला उजेडात ठेवा, त्याच्याशी बोला. त्याची झोप तोडू नका.

खोलीत पडदा ओढा, पंखा चालू ठेवा, फोन गप्प करा. बास.

मग छातीशी उभं धरून चालायचं. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली रडणाऱ्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच मिनिटं सलग चालणं आणि बाळ झोपल्यावर पाच ते आठ मिनिटं तसंच कुशीत घेऊन बसणं, ही रीत उपयोगी ठरली. चालताना मध्येच थांबायचं नाही, झटकन वळायचं नाही. जोरजोरात हलवायचं तर मुळीच नाही. त्याने बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. गाणं कुठलंही चालेल, फक्त रोज तेच असू द्या.

आता खरा अवघड भाग. मीसुद्धा इथेच महिनोन्‌महिने झगडले आहे.

मोठी माणसं डोळा लागल्यावर लवकर गाढ झोपतात. लहान बाळाची झोप मात्र हलक्या टप्प्यापासून सुरू होते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसू येतं. ‘सटवाई हसवतेय’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात ना, तीच ही वेळ. बाळ झोपलं असं वाटून लोक नेमके तेव्हाच त्याला खाली ठेवतात. थांबा. चेहरा निवांत होऊ द्या, श्वास एकसारखा होऊ द्या. मग बाळाचा हात मनगटाशी हलकेच उचलून सोडा. तो लुळा पडला तर झोप गाढ आहे. बोटं आवळली गेली किंवा हात मागे ओढला गेला तर आणखी थांबा. अगदी तान्ह्या बाळाला यासाठी वीस मिनिटंही लागतात. ती घाईने वाचवायला जाल, तर पुढचा तासभर रडणं शांत करण्यात जाईल.

बाळ उठतं ते गादी टोचते म्हणून, असं सगळे धरून चालतात. त्याच जपानी अभ्यासात दिसलं की गादीचा स्पर्श होण्याआधीच, आईच्या अंगापासून सुटं होताना, बाळाच्या हृदयाचे ठोके बदलू लागतात. म्हणून सगळं कसब या सुटण्यात आहे. बाळाला हात लांब करून खाली सोडू नका. गुडघे वाकवा आणि बाळ छातीला चिकटलेलं असतानाच स्वतः गादीपर्यंत खाली जा. आधी बाळाचा पार्श्वभाग टेकवा, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी मागे गेलं तर बाळाला पडल्यासारखं वाटतं, दोन्ही हात फाकतात आणि ते दचकून उठतं. हे दचकणं साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत राहतं.

डोकं टेकल्यावरही लगेच हात काढू नका. तुमची छाती हळूहळू वर घ्या. खालचा हात गादीत दाबत सरकवून काढा, मग डोक्याखालचा. एक तळवा बाळाच्या छातीवर ठेवा, दाब न देता. मिनिट-दोन मिनिटं तसाच ठेवून एकेक बोट उचला.

आपल्याकडच्या हवेत आणखी एक गोष्ट हमखास घडते. कुशीत बाळाची पाठ आणि मान घामेजते आणि खाली ठेवल्यावर पंख्याचा वारा त्या ओल्या अंगाला लागतो. बाळ आणि तुमचा दंड यांच्यामध्ये सुती कापड ठेवा, खाली ठेवताना ते काढून घ्या.

डोळे उघडलेच तर झडप घालून उचलू नका. थोपटा, ‘श्शऽऽ’ करा. पुष्कळदा ती नुसती चाळवलेली झोप असते. खरं रडू आलं तर मात्र लगेच उचला. इतक्या लहान बाळाला रडत ठेवून ‘सवय लावणं’ मला मुळीच मान्य नाही. दोनदा जमलं नाही तर त्या वेळची झोप कुशीतच होऊ द्या. फक्त तुम्ही जागं असायला हवं. बाळाला घेऊन सोफ्यावर तुमचाच डोळा लागणं फार धोक्याचं आहे.

काही गोष्टींत तडजोड नाही. बाळ उताणंच झोपवायचं, सपाट, घट्ट गादीवर. राईची उशी नको, साधी उशी नको, सैल पांघरूण नको. दुपट्यात गुंडाळत असाल तर बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागताच ते बंद करा. झोळीत बाळ लवकर झोपतं हे खरं, पण त्यात हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. म्हणून नजरेआड ठेवू नका आणि झोप लागली की गादीवर घ्या.

झोप यावी म्हणून जायफळ उगाळून चाटवणं तर आजच बंद करा, कोणी कितीही आग्रह केला तरी. सहा महिने बाळाच्या पोटात दुधाखेरीज काही जायला नको. औषध लागलंच तर डॉक्टरांनी दिलेलं. जायफळ जास्त झालं तर विषारी असतं, आणि उगाळताना किती गेलं हे कोणालाच मोजता येत नाही. धुरीही नको, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो.

एवढं करूनही बाळ पाऊण तासात उठलं तर घाबरू नका. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तेवढंच असतं. हसत उठलं तर ती झोप झाली. कुरकुरत, डोळे मिटूनच उठलं तर रडू फुटायच्या आत छातीवर हात ठेवा. पुष्कळदा ते पुढच्या चक्रात जातं. पाच-सात मिनिटांत नाही गेलं तर उचला आणि पुढच्या झोपेची वेळ थोडी अलीकडे घ्या. संध्याकाळची शेवटची झोप खांद्यावर झाली तरी चालेल, तिच्यासाठी गादीशी झगडू नका.