बाण पांगतात? साइटला हात लावण्याआधी या चुका टाळा

पहिला बाण डावीकडे, सातच्या वर्तुळात. लगेच साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवली. दुसरा उजवीकडे आठात, की साइट परत उलट दिशेला. तिसरा खालीच गेला. सहा बाण होईपर्यंत साइट मूळ जागेवरून कुठल्या कुठे गेलेली असते आणि पोरगं वैतागून म्हणतं, "सर, धनुष्यच बेकार आहे."

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडणारी हुशार पोरं बघा. बंदुकीची नळी सरळ नसणार हे ती गृहीतच धरतात. पहिले तीन-चार छर्रे एकाच फुग्यावर मारतात, कुठं जातात ते बघतात आणि मग तेवढं बाजूला सरकून नेम धरतात. धनुष्याचंही तसंच आहे. एकटा बाण काही सांगत नाही, सांगतो तो ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या बाणांचा पुंजका. सहा बाण वीतभर जागेत पडले, पण मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या बाहेर, तर दोष साइटचा. अशा वेळी बाण जिकडे गेले तिकडेच साइट न्यायची, डावीकडे गेले तर डावीकडे. पण बाण सगळ्या फेसभर (वर्तुळांच्या कागदभर) पांगले असतील तर साइट फिरवून काहीही होणार नाही. दोष कुठेतरी शरीरात आहे नाहीतर सामानात, आणि तो शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ग्रिप (धनुष्य धरायची मूठ), अँकर (दोरी खेचून हात चेहऱ्याशी टेकवायची जागा) आणि साइट एकाच संध्याकाळी बदलली तर फरक कशानं पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

पेलत नाही ते पाउंड

ही चूक मुलांची कमी आणि पालकांची जास्त. "त्या पोराचं ३६ पाउंड आहे, आमच्याला पण तेवढंच द्या." लिंबवर (धनुष्याच्या पात्यावर) छापलेला पाउंडचा आकडा, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, २८ इंच खेचेसाठी असतो. खेच त्यापेक्षा कमी असेल तर इंचामागे साधारण २ पाउंड वजा होतात. २५ इंच खेच असलेल्या मुलीच्या बोटांवर २४ पाउंडचं धनुष्य १८च्या आसपासच येतं. पण १८ पाउंड नीट पेलणारी मुलगी ३० पाउंडवर झगडणाऱ्या मुलापेक्षा चांगला ग्रुप मारते.

धनुष्य जड होतंय हे ओळखायला वजनकाटा लागत नाही. खेचताना पुढचा खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे कलते, धनुष्य आधी आभाळाकडे जातं आणि मग खाली येतं. (आभाळाकडे खेचू देऊच नका. चुकून सुटलेला बाण मैदानाच्या भिंतीपलीकडे जाऊ शकतो.) पूर्ण खेचून १० सेकंद न थरथरता थांबता येत नसेल तर लिंब बदला. कमी पाउंड घ्यायला लाज कसली!

अँकर: दोन मिलिमीटरचा खेळ

मी सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवतो आणि पोरांना सगळ्यात जास्त कंटाळा इथंच येतो. म्हणून आधी हिशोब सांगतो. दोरीपासून धनुष्यावरच्या टेकूपर्यंत बाणाची लांबी ७० सेंटिमीटर धरा. हनुवटीखालचा हात रोजच्या जागेपेक्षा २ मिलिमीटर खाली गेला, तर ३० मीटरवर बाण साधारण साडेआठ सेंटिमीटर वर लागतो. ८० सेंटिमीटरच्या फेसवर एका वर्तुळाची पट्टी ४ सेंटिमीटरची असते. म्हणजे नेम अगदी बरोबर असूनही दोन वर्तुळं गेली.

हे २ मिलिमीटर येतात कुठून? बहुतेक वेळा तोंडातून. दमल्यावर किंवा जोर लावताना पोरं तोंड उघडतात, जबडा खाली येतो आणि त्याच्याबरोबर हातही. दात हलकेच मिटलेले ठेवा. तोंडात च्युइंगम नको. रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला) तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसली पाहिजे, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकली पाहिजे. अशा दोन-तीन जागा एकदम जुळल्या तरच अँकर झाला असं समजा. बांबूचं धनुष्य साइटशिवाय वापरणारे कित्येकजण ओठाच्या कोपऱ्याशी अँकर करतात. तेही चालतं, फक्त रोज तोच कोपरा हवा. चेहरा दोरीकडे नेऊ नका, दोरी चेहऱ्याकडे आणा. मान पुढे गेली की सगळी मापं चुकली.

यावर उपाय म्हणजे कोरा बट्रेस (बाण अडवणारी जाड गादी). चार-पाच मीटरवर उभं राहा, फेस लावू नका, आणि मागं मोकळी भिंत आणि शेजारी कोणी नाही याची खात्री करून डोळे मिटून बाण सोडा. नेमच नाही म्हटल्यावर सगळं लक्ष जबड्यावर आणि पाठीवर जातं. सोबत्याला बाजूनं स्लो मोशनमध्ये मोबाइलवर शूटिंग करायला सांगा. "माझा अँकर पक्का आहे" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची बोलती तो व्हिडिओ बघून बंद होते.

मूठ आणि सुटका

धनुष्य मुठीत आवळू नका. दाब अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या जीवनरेषेच्या अलीकडे यायला हवा आणि बोटं सैल. धनुष्य पडेल अशी भीती वाटत असेल तर बोटाला स्लिंग (धनुष्य अडकवून ठेवणारी छोटी दोरी) बांधा. कोपराच्या आतल्या बाजूला दोरीचे काळेनिळे वळ उठत असतील तर आर्म गार्ड बांधून विषय संपत नाही. कोपर बाहेरच्या बाजूला वळवलेलं नाही, असं ते वळ सांगत असतात.

दोरी बोटांच्या शेंड्यावर नाही, पहिल्या पेराच्या घडीत धरा. सोडताना बोटं उघडायची नाहीत. पाठीनं खेचत राहायचं आणि बोटं सैल पडली की दोरी आपोआप निघून जाते. हात गालापासून बाहेर फेकला गेला तर उजव्या हातानं खेचणाऱ्याचा बाण सहसा डावीकडे जातो. सुटल्यावर हात मानेला घासत मागे गेला पाहिजे.

बाण कुठं लागला हे बघायची घाई हा वेगळाच रोग. दोरी सुटल्यावर बाण साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात धनुष्य सोडतो. मग नंतर डोकावलं तर काय बिघडतं? बिघडतं, कारण डोकावणारा सुटण्याच्या आधीच डोकं हलवायला लागतो आणि पुढचा हात खाली पडतो. बाण बट्रेसवर लागल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथंच ठेवा. आणि आठ-दहा सेकंद झाले, थरथर सुरू झाली, तर बाण सोडूच नका. हळू उतरवा, श्वास घ्या, परत खेचा.

दोष बाणाचाही असतो

प्रत्येक बाणावर पक्क्या मार्करनं नंबर घाला आणि कुठला बाण कुठं लागला ते वहीत मांडा. चार नंबरचा बाण दर वेळी ग्रुपच्या बाहेर जात असेल तर तो बाजूला ठेवा, स्वतःला दोष देऊ नका. बांबूच्या बाणांत तर हे हमखास होतं, कारण एका जुडीतले बाण वजनाला आणि ताठपणाला सारखे नसतात. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून बघा आणि जवळच्या वजनाचे सहा निवडून स्पर्धेसाठी ठेवा.

कार्बन बाणावरचा स्पाइनचा (ताठपणाचा) आकडा जितका लहान तितका बाण ताठ. अनेकजण हे उलट समजतात. बाण जुळतो का हे बघायला १८ मीटरवर पिसांचे तीन-चार आणि बिनपिसाचा एक असे बाण मारा. उजव्या हाताच्या खेळाडूचा बिनपिसाचा बाण ग्रुपच्या डावीकडे लागला तर तो जास्त ताठ, उजवीकडे लागला तर जास्त मऊ. तो ग्रुपच्या खाली लागला तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) थोडा खाली आणा, वर लागला तर थोडा वर न्या. मात्र पिसांच्या बाणांचाच ग्रुप पांगत असेल तर या चाचणीला काही अर्थ नाही.

नवी दोरी पहिले काही दिवस ताणली जाते आणि ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) उतरते. ६८ इंची रिकर्व्हला ती साधारण साडेआठ ते नऊ इंच असते. सरावाआधी रोज मोजा, कमी भरली तर धनुष्य उतरवून दोरीला पीळ वाढवा.

कंपाऊंडवाल्यांसाठी थोडक्यात

शेजारच्या साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी कंपाऊंडची (चाकांच्या धनुष्याची) जगज्जेती झाली, त्यामुळे पोरांना थेट कंपाऊंडच हवं असतं. तिथली मोठी चूक म्हणजे साइटमधला ठिपका पिवळ्यावर आला रे आला की दोरी सोडणाऱ्या ट्रिगरवर बोट मारणं. ठिपका हलणारच, हलू द्या, आणि पाठीचा ताण वाढवत दाब हळूहळू द्या. साइटवरचा पाण्याचा बुडबुडाही बघत जा. तो उजवीकडे असेल तर धनुष्य डावीकडे कललंय.

सोलापूरचं ऊन, सोलापूरचा वारा

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत धनुष्याची पेटी ठेवलीत तर लिंबचे थर सुटू शकतात. बाणांची टोकं गरम गोंदानं बसवलेली असतील तर तोही मऊ पडतो. बाण उपसला की नळी हातात येते आणि टोक बट्रेसमध्येच राहतं. सराव सकाळी लवकर करा. घामानं टॅब (बोटांवरचं चामडं) ओला झाला की सुटका बदलते, तेव्हा दर सहा बाणांनंतर हात पुसा. टॉवेलला आपल्याकडे काय तोटा?

जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो. रेंज उत्तरेकडे तोंड करून असेल तर तो डाव्या अंगानं येतो आणि ग्रुप उजवीकडे ढकलतो. तुमचं काहीही चुकलेलं नसतं, अशा दिवशी साइट बिनधास्त सरकवा आणि वारा पडला की आठवणीनं परत आणा.

कार्बन बाण दगडाला किंवा बट्रेसच्या लाकडाला लागला तर पुन्हा लावण्याआधी हलकेच वाकवून, फिरवून बघा. किरकिर आवाज आला किंवा तडा दिसला तर तो तिथंच मोडून टाका. भात्यात परत गेला तर कोणीतरी तो लावणारच, आणि फुटला तर थेट हातात घुसतो.