श्रीलंकेत पक्षी पाहायला जाताय? या चुका टाळा

श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम एक पंचमांश. एवढ्याशा बेटावर सदाहरित पर्जन्यवन आहे, दोन हजार मीटरवरची थंड पठारं आहेत, काटेरी रान, खाजणं आणि गावोगावची तळी आहेत. जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या तीसहून अधिक पक्षिजाती इथे राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक नैऋत्येच्या ओल्या पट्ट्यात किंवा मधल्या डोंगरांत. तरीही अनेकांच्या सहलीचे निम्मे दिवस कोरड्या पट्ट्यातल्या ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात, जीपमध्ये जातात. बिबट्या पाहायचा असेल तर ते ठीक. पक्ष्यांसाठी जाणाऱ्या मराठी माणसाने मात्र हे गणित उलटं मांडावं, कारण कोरड्या पट्ट्यातले बरेचसे पक्षी त्याच्या ओळखीचेच असतात.

मे महिन्याची सुट्टी

सर्वांत महाग पडणारी चूक ही. मुलांच्या सुट्ट्या म्हणून मे महिन्यात तिकिटं काढली जातात. नेमका तेव्हाच ओल्या पट्ट्यात नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि हिवाळी पाहुणे तर एप्रिलअखेरीस परतलेले असतात. नवरंग (इंडियन पिट्टा) पक्ष्याचंच घ्या. हिवाळ्यात तो लंकेच्या बागांत, रानांत पाचोळा उलटत असतो. मेअखेरीस तोच कोकणात येऊन शीळ घालू लागतो. तेव्हा त्याला शोधायला समुद्र ओलांडायची गरज नाही!

दिवाळीची सुट्टीही बेताचीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळ्या बेटावर दुपारी गडगडाटी सरी येतात. डिसेंबरात पाऊस उत्तर-पूर्वेकडे सरकतो. नैऋत्येचं सिंहराजा पर्जन्यवन आणि मधले डोंगर यांच्यासाठी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम.

नकाशावरचं अंतर पाहून बेत आखणं

शंभर किलोमीटर म्हणजे दोन तास, हा हिशेब घाटरस्त्यांवर चालत नाही. चार तास धरा. रोज मुक्काम हलवला की पहाट गाडीत जाते, आणि पक्षी पाहणाऱ्याने पहाट गमावली तर उरतं काय? नऊ-दहा दिवस असतील तर सिंहराजाजवळ तीन रात्री, ओल्या पट्ट्यातल्या कितुलगलाला एक-दोन, डोंगरातल्या नुवारा एलियाला दोन आणि दक्षिणेच्या तिस्समहारामाला दोन, एवढंच करा. उत्तरेचं मन्नार सुंदर आहे, पण त्यासाठी वेगळी सहल हवी.

सिंहराजात थव्यामागे धावणं

१९८८ पासून जागतिक वारसा असलेलं हे जंगल पहिल्या तासात रिकामं वाटतं. लोक वैतागून भराभर चालू लागतात, आणि तिथेच फसतात. इथले पक्षी मिश्र थव्यांनी फिरतात. एका थव्यात अकरा-बारा जातींचे चाळीसएक पक्षी सहज असतात. नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट आणि तुरेवाल्या कोतवालाचा आवाज एकत्र कानावर पडला की जागीच थांबा. थवा तुमच्या अंगावरून जाऊ द्या. खालच्या झुडपांत सातभाई दिसतात म्हणून तिथेच नजर खिळवू नका. लाल चेहऱ्याचा मलकोहा आणि निळा मॅगपाय वरच्या फांद्यांत असतात. कोतवाल इतर पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर यादीत नाव टाकू नका.

या जंगलात उजेड फार कमी. १२ पटींच्या दुर्बिणीपेक्षा ८x४२ (आठ पटींची, ४२ मिमी भिंगाची) कितीतरी उपयोगी. एसी खोलीतून थेट बाहेर आणलेल्या दुर्बिणीवर वाफ धरते आणि पहिली पंधरा मिनिटं वाया जातात. ती रात्री एसीपासून दूर, कोरड्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा आणि निघण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घ्या.

डोंगरात उशिरा पोहोचणं

हॉर्टन प्लेन्स या उंच पठारावरच्या राष्ट्रीय उद्यानात पर्यटक ‘वर्ल्ड्स एंड’च्या कड्यासाठी येतात. तुम्ही झुंजूमुंजू व्हायला अरेंगा तळ्याशी हवेत. आपल्या शीळकरी कस्तुराचा इथला बुजरा भाऊबंद मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळीच उघड्यावर येतो. जानेवारी-फेब्रुवारीत इथे दवही गोठतं, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हवीच. पिशवीत प्लास्टिक ठेवू नका, फाटकावर तपासतात.

नुवारा एलियाचं व्हिक्टोरिया पार्क ‘शहरातली बाग’ म्हणून वगळू नका. बागेतल्या ओढ्याकाठी उतरत्या दुपारी पाइड थ्रश, काश्मीर फ्लायकॅचर आणि नवरंग दिसू शकतात.

जुनी वर्णनं वाचून अपेक्षा ठेवणं

‘बुंदालात रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत’ ही दक्षिण किनाऱ्यावरच्या बुंदालाबद्दलची तक्रार नेहमीची. १९९० मध्ये श्रीलंकेचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या या खाजणांत एके काळी रोहितांचे मोठे थवे उतरत. पुढे सिंचनाचं गोडं पाणी खाजणांत येऊ लागलं, खारेपणा घटला आणि रोहितांचं खाद्यही. किनाऱ्यावरचे पाणपक्षी पाहायला मात्र बुंदाला आजही चांगलं. रोहितांसाठी उत्तरेला मन्नारकडेच जावं लागतं.

रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावणं

या चुकीचा मला खरोखर राग येतो. सेरेंदिब स्कॉप्स आउल हे चिमुकलं घुबड सापडलं ते ऐकण्याच्या चिकाटीमुळे. पक्षी अभ्यासक दीपल वारकागोडा यांनी १९९५ मध्ये एक अनोळखी हाक ऐकली, तिचा माग सोडला नाही, २००१ मध्ये पक्षी पाहिला आणि २००४ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. १८६८ नंतर या बेटावर सापडलेली ही पहिलीच नवी पक्षिजात. आता त्याच घुबडाला त्याच्याच जातीची हाक मोबाइलवर वाजवून पुनःपुन्हा छळलं जातं. हद्दीत दुसरा शिरला असं समजून ते खाणं-विणीचं काम सोडून उत्तर देत बसतो.

सिंहराजात वाटाड्या सक्तीचाच आहे, आणि आसपासच्या गावांतल्या या वाटाड्यांना फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याची जोडी दिवसा कुठल्या वेलीत बसते ते पक्कं ठाऊक असतं. तेव्हा बुकिंग करतानाच सांगा: कॉल वाजवायचा नाही, घुबड दिसलं नाही तरी पैसे पूर्ण मिळतील. पाहुण्यांना नाराज करायचं नाही म्हणून अनेकदा वाटाड्याचा फोन बाहेर निघतो. हे आधी बोललेलं असलं की त्याच्यावरचं ते दडपण जातं.