मोडीत निघालेल्या मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा

बडोद्याच्या कोठी कचेरीत मी नायब मामलतदार होतो आणि नोकरीचा मोठा काळ निवडणूक शाखेत गेला. मतदार याद्या, पुरवण्या, बूथची फेररचना, मतमोजणीची टेबलं, हेच माझं जग. भाचीनं एम.ए.साठी आयर्लंडमधला क्लेअर हा जुना मतदारसंघ घेतला तेव्हा खासदारांची यादी घेऊन ती माझ्याकडं आली. "मामा, नावं सगळी मिळाली. आता लिहू काय?" यादीला तीन रकाने होते: साल, नाव, पक्ष. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. विषय आयर्लंडचा असो की आपल्या रावपुऱ्याचा, कामाची रीत तीच.

माझं सांगणं एवढंच, की दोन नावांच्या मधली रेघ वाचायला शिका. एक माणूस गेला आणि दुसरा आला, त्या मधल्या दिवसांत काय घडलं? पहिला वारला, अपात्र ठरला, मंत्री झाला, कंटाळून सोडून गेला, की नुसती मुदत संपली? मतदारसंघाचं आयुष्य त्या रेघेत सापडतं.

मतदारसंघ निवडताना आपल्याशी काही धागा असलेला निवडावा, म्हणजे काम रेटलं जातं. बडोदेकराला आयर्लंड वाटतं तेवढं लांब नाही. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. पुढं १८८३ मध्ये मायकेल डेव्हिट या आयरिश नेत्यानं होमरूल पक्षाचे पुढारी पार्नेल यांना सुचवलं, की दादाभाईंना आयर्लंडच्या एखाद्या जागेवरून पार्लमेंटात पाठवावं. ते जमलं नाही आणि दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. १८९३ च्या लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी डेव्हिटचा निरोप सांगितला: आयर्लंडचे सगळे होमरूलवाले सभासद तुमच्या पाठीशी आहेत. पुढच्याच वर्षी मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले आल्फ्रेड वेब. ते डब्लिनचे क्वेकर पंथीय छपाईवाले आणि त्या वेळी वेस्ट वॉटरफर्डचे खासदार होते. आपल्या काँग्रेसच्या अध्यक्षांच्या यादीत आयर्लंडच्या एका छोट्या मतदारसंघाचा माणूस बसला आहे, हे कळल्यावर भाची त्या मतदारसंघाच्या मागं लागली आणि मुख्य विषय क्लेअरचा ठेवून वॉटरफर्डचंही टिपण करू लागली. मला फार बरं वाटलं.

आता पहिलं खरं काम म्हणजे ओळख पक्की करणं. मतदारसंघ कायद्यानं जन्मतो आणि कायद्यानंच संपतो. आयर्लंडच्या बाबतीत चार तारखा कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. १ जानेवारी १८०१ ला ब्रिटनशी विलीनीकरण झालं, डब्लिनची ३०० सभासदांची सभा बंद झाली आणि वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटात, आयर्लंडच्या १०० जागा आल्या. ३२ काउंट्यांना (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) प्रत्येकी दोन, डब्लिन आणि कॉर्क शहरांना दोन-दोन, ३१ गावांना एकेक आणि डब्लिन विद्यापीठाला एक. ८४ गावांची जागा पुरती गेली आणि तिथल्या मालकांना दर गावामागं १५,००० पौंड भरपाई मिळाली. जागा ही मालमत्ताच मानली जाई, हे त्या आकड्यावरून समजतं. ज्या गावांची एकच जागा उरली तिथं दोन विद्यमान सभासदांमधून एकाचं नाव चिठ्ठी टाकून काढलं. म्हणजे तुमच्या यादीतलं पहिलं नाव निवडणुकीनं आलेलंच असेल असं नाही. दुसरी तारीख १८३२: सुधारणा कायद्यानं जागा १०५ झाल्या. तिसरी १८८५: दोन सभासदांच्या काउंट्या फोडून एकेका जागेचे विभाग केले. चौथी १९२२: दक्षिण आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं झालं आणि तिथले वेस्टमिन्स्टरचे सगळे मतदारसंघ संपले.

या तारखा डोळ्यांसमोर नसल्या की नावं गल्लत करतात. क्लेअर काउंटी दोन सभासदांची, १८०१ ते १८८५. त्याच काळात तिच्या पोटात एनिस गावाची वेगळी एक जागा होती. १८८५ नंतर ईस्ट क्लेअर आणि वेस्ट क्लेअर. वॉटरफर्डचं त्याहून अवघड: काउंटी, शहर आणि डुंगारव्हन अशी तीन नावं, १८८५ नंतर शहर तसंच राहिलं, काउंटीचे पूर्व-पश्चिम भाग झाले, १९१८ मध्ये ते दोन्ही पुन्हा एक झाले. जॉन रेडमंड १८९१ ते १९१८ वॉटरफर्डचे खासदार होते असं कुठं वाचलं तर ते शहराचे, वेबच्या वेस्ट वॉटरफर्डचे नाहीत. आपल्याकडं २००८ च्या परिसीमनानंतर अकोटा आणि मांजलपूर नव्यानं आले आणि रावपुरा नाव तेच राहून हद्द बदलली. जुन्या रावपुऱ्याच्या आमदाराला नव्या हद्दीतल्या सोसायट्यांचा आमदार म्हणून कोणी लिहिलं तर मी लगेच लाल पेन काढीन. आयर्लंडसाठीही तोच कडकपणा ठेवा.

यादीचे तीन रकाने मोडून पाच करा: कधीपासून, कोण, कसा आला, कधीपर्यंत, कसा गेला. "कसा आला" मध्ये सार्वत्रिक निवडणूक, पोटनिवडणूक, बिनविरोध की निवडणूक याचिकेवरच्या निकालानं, हे लिहायचं. "कसा गेला" हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. लागू द्या.

क्लेअरचं १८२८ साल घ्या. साध्या यादीत एवढंच दिसतं, की विल्यम व्हीसी-फिट्झजेराल्ड गेले आणि डॅनियल ओ'कॉनेल आले. आता रेघ वाचा. फिट्झजेराल्ड हरल्यामुळं किंवा मुदत संपल्यामुळं गेले नव्हते. त्यांना व्यापार मंडळाचं अध्यक्षपद मिळालं, आणि मंत्री झालेल्या सभासदानं पुन्हा मतदारांपुढं जायचं असा तेव्हाचा नियम होता. एरवी ही नुसती औपचारिकता. पण ओ'कॉनेल समोर उभे राहिले. ते कॅथलिक होते. उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती, सभागृहात बसताना घ्यावी लागणारी शपथ मात्र कॅथलिकाला घेता येण्यासारखी नव्हती. एनिसला मतदान दिवसांमागून दिवस चाललं. मत तोंडानं, सगळ्यांसमोर सांगायचं. मतदार बहुतेक चाळीस शिलिंगवाले कुळं, म्हणजे भाडं वजा जाता वर्षाला चाळीस शिलिंग किमतीची जमीन हयातभराच्या करारावर असलेले. जमीनदाराची माणसं बाजूला उभी आणि कुळ म्हणतंय, माझं मत ओ'कॉनेलला. बूथवर दादागिरी काय असते हे मी नोकरीत पाहिलं आहे. गुप्त मतदान असूनही माणसं कशी बिचकतात हे पाहिलं आहे. म्हणून हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही: ओ'कॉनेल २,०५७, फिट्झजेराल्ड ९८२.

आणि रेघ इथं संपत नाही. एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना सभागृह खुलं करणारा कायदा आला, पण तो पुढं निवडून येणाऱ्यांना लागू होता. मे महिन्यात ओ'कॉनेल सभागृहात गेले, जुनी शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, जागा रिकामी ठरवण्यात आली आणि ३० जुलै १८२९ ला ते क्लेअरमधूनच बिनविरोध परत आले. यादीत त्यांचं नाव लागोपाठ दोनदा येतं. छपाईची चूक समजून एक ओळ खोडू नका. त्या दोन ओळींच्या मध्ये एक पूर्ण कायदा आहे.

त्याच कायद्याच्या जोडीला आणखी एक कायदा झाला आणि चाळीस शिलिंगवाल्यांचा मताधिकारच काढून घेतला. अट दहा पौंडांवर गेली. आयर्लंडच्या काउंट्यांमधले मतदार सुमारे २,१६,००० वरून ३७,००० च्या आसपास आले. ज्यांनी ओ'कॉनेलना निवडून दिलं त्यांतल्या बहुतेकांना पुढच्या खेपेला मतच नव्हतं. म्हणून सहावा रकाना जोडा: त्या वेळी मत कोणाला होतं. १८७२ च्या कायद्यानं मतदान गुप्त झालं. १८८४ च्या कायद्यानं काउंट्यांतल्या घरमालकांना आणि भाडेकरूंना मत मिळालं आणि आयर्लंडचे मतदार सव्वादोन लाखांवरून सात लाखांपुढं गेले. १९१८ ला २१ वर्षांवरचे पुरुष आणि ३० वर्षांवरच्या, काही अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रिया आल्या. हा रकाना नसेल तर १८२८ ची २,०५७ मतं आणि १९१७ ची मतं शेजारी ठेवून तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती तुलना निरर्थक आहे.

माणूस जाण्याचे किती प्रकार असू शकतात याचा सराव करायचा तर मायकेल डेव्हिट यांचीच कारकीर्द उलगडून पाहा. १८८२ मध्ये ते तुरुंगात असताना मीथमधून निवडून आले आणि शिक्षा झालेला कैदी म्हणून अपात्र ठरले. १८९२ मध्ये नॉर्थ मीथ जिंकलं; धर्मगुरूंनी मतदारांवर दबाव आणला म्हणून याचिका झाली आणि निवड रद्द. १८९३ मध्ये नॉर्थ-ईस्ट कॉर्कमधून बिनविरोध आले आणि दिवाळखोर ठरल्यामुळं जागा सोडावी लागली. शेवटी साउथ मेयोची जागा त्यांनी १८९९ मध्ये बोअर युद्धाच्या निषेधार्थ स्वतः सोडली. चार जागा, जाण्याची चार कारणं.

राजीनाम्याचं एक खास कलम लक्षात ठेवा. ब्रिटिश पार्लमेंटात सभासदाला सरळ राजीनामा देता येत नाही. चिल्टर्न हंड्रेड्स किंवा नॉर्थस्टेड मॅनरची नाममात्र कारभारकी मागून घ्यायची. राजाच्या पदरचं पद घेतलं की जागा आपोआप रिकामी होते. आल्फ्रेड वेब यांनी १८९५ मध्ये खासदारकी सोडली आणि त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत जे. जे. ओ'शी आले. "अमुक कारभारी नेमला गेला" असं जुन्या वर्तमानपत्रात दिसलं तर तो नोकरीत लागला असं लिहू नका, त्यानं खासदारकी सोडली असं समजा.

पक्षाच्या रकान्यावर फार वेळ घालवू नये. एकच सांगतो: पार्नेल यांच्यावरून होमरूल पक्षात १८९० ला फूट पडली, त्यानंतर १९०० पर्यंत नुसतं "होमरूल" लिहून भागत नाही, पार्नेलनिष्ठ की पार्नेलविरोधी हे लिहावंच लागतं.

आणि एखादं रंगीत चरित्र समोर आलं की हात आवरा. वेस्ट क्लेअरमध्ये १९०९ ते १९१८ आर्थर लिंच होते. बोअर युद्धात ते इंग्रजांविरुद्ध लढले, १९०१ मध्ये गॉलवेतून निवडून आले, १९०३ मध्ये राजद्रोहासाठी फाशीची शिक्षा झाली, ती कमी झाली, पुढं माफी मिळाली आणि पुन्हा खासदार झाले. भाचीनं यावर पानंच्या पानं लिहिली होती. मी विचारलं, "यात वेस्ट क्लेअरचे मतदार कुठं आहेत?" तिनं चार ओळी ठेवल्या.

ईस्ट क्लेअरची यादी मात्र छोटी असून भरगच्च आहे. ३७ वर्षांत तीनच नावं: जोसेफ कॉक्स, मग १८९२ पासून विली रेडमंड, मग एमन डी व्हॅलेरा. रेडमंड आणि डी व्हॅलेरा यांच्यामधली रेघ बघा. रेडमंड, होमरूल पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांचे भाऊ, वयाच्या ५६ व्या वर्षी ब्रिटिश सैन्यात मेजर म्हणून लढताना ७ जून १९१७ ला बेल्जियममधल्या मेसिन्सला पडले. १० जुलैला पोटनिवडणूक झाली. उमेदवार डी व्हॅलेरा, डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या १९१६ च्या उठावाबद्दल शिक्षा झालेले आणि जूनमध्येच तुरुंगातून सुटलेले. निकाल: डी व्हॅलेरा ५,०१०, पॅट्रिक लिंच २,०३५. इंग्रजांच्या बाजूनं लढताना मेलेल्या खासदाराच्या जागी, जेमतेम महिन्याभरात, इंग्रजांविरुद्ध बंदूक उचललेला माणूस. आयर्लंड कुठून कुठं वळलं हे सांगायला याहून चांगली ओळ मला मिळाली नाही.

१९१८ ला डी व्हॅलेरा ईस्ट क्लेअरमधून बिनविरोध आणि ईस्ट मेयोतून जॉन डिलन यांना हरवून, असे दोन्हीकडून आले. इथं आपला २०१४ चा अनुभव उपयोगी पडतो. नरेंद्र मोदी वडोदरा आणि वाराणसी दोन्हीकडून निवडून आले, वडोदरा सोडलं, सप्टेंबरात पोटनिवडणूक झाली. ती धावपळ कचेरीतल्या प्रत्येकाला आठवते. मग ईस्ट क्लेअरला किंवा ईस्ट मेयोला पोटनिवडणूक का झाली नाही? कारण शिन फेन या डी व्हॅलेरांच्या स्वातंत्र्यवादी पक्षाचे सभासद वेस्टमिन्स्टरला गेलेच नाहीत. २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये त्यांनी स्वतःची सभा, डॉल, भरवली आणि लंडनमध्ये कोणती जागा ठेवायची हा प्रश्नच उरला नाही. न झालेल्या पोटनिवडणुकीचीही नोंद करायची ती अशी.

कुठं शोधायचं? हॅन्सार्ड म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजाचा छापील वृत्तांत; त्यातल्या चर्चा इंटरनेटवर सभासदाच्या नावानं उघडतात. अपात्रतेची आणि रिकाम्या जागेची नोंद तिथं सापडते. डब्लिनच्या फ्रीमन्स जर्नल या वर्तमानपत्रात मतांचे आकडे आणि सभांचे वृत्तांत असतात. दोन ठिकाणी आकडा जुळला तरच लिहा, नाहीतर आकडा सोडून निकाल तेवढा लिहा. मी तिला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसून कच्चे तक्ते हातानं काढायला लावले, लॅपटॉप नंतर.

शेवटची ओळ बंद करताना "१९२२, समाप्त" एवढंच लिहून उठू नका. २६ ऑक्टोबर १९२२ ला पार्लमेंट बरखास्त झालं आणि ईस्ट क्लेअरसाठी पुन्हा निवडणुकीचा हुकूम निघाला नाही, हे लिहा. मग त्या गावांचं पुढं काय झालं तेही लिहा: क्लेअर डॉलचा मतदारसंघ झाला आणि डी व्हॅलेरा तिथूनच निवडून येत राहिले, १९५९ मध्ये राष्ट्रपती होईपर्यंत.