जीपीए कमी आहे आणि मेडिकल स्कूलला अर्ज करायचाय? या चुका टाळा

अमेरिकेत एमडीला, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीला, प्रवेश मिळवणाऱ्यांचा सरासरी जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची ४.० पैकी सरासरी) गेल्या काही वर्षांत ३.७७ च्या आसपास किंवा थोडा वरच राहिला आहे, आणि एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, सरासरी ५११-५१२ आहे. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरकीच्या, कॉलेजांत जीपीए साधारण ३.६ असतो. ही सरासरी आहे, किमान अट नव्हे. ३.३-३.४ वाली मुलंही दरवर्षी आत जातात. मात्र कमी जीपीए सावरायला निघालेले बरेच जण ठरावीक जागी घसरतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा घाई असते: गुण का कमी पडले ते न शोधता नवे कोर्स घ्यायचे, आणि सुधारणा कागदावर दिसायच्या आत अर्ज टाकायचा.

गणित न मांडता "वर आणू" म्हणणं

जीपीए म्हणजे प्रत्येक कोर्सचे ग्रेड पॉइंट (ए म्हणजे ४, बी ३, सी २) गुणिले क्रेडिट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. तुमचे ९० क्रेडिट झालेत आणि जीपीए ३.० आहे असं धरा. म्हणजे २७० पॉइंट. पुढच्या वर्षी ३० क्रेडिटमध्ये एकही बी न येता सगळे ए मिळाले, तरी ३९० भागिले १२० म्हणजे ३.२५. आणखी ३० क्रेडिट तसेच काढले तर ३.४. थेट ३.५ गाठायचा असेल तर सलग ९० क्रेडिट ए लागतील. जेवढं शिकून झालं, तेवढंच पुन्हा.

सुरुवात ३.२ पासून असेल तर ३.५ साठी ५४ क्रेडिट सरळ ए पुरतात. पण तेच गुण ए मायनस, म्हणजे ३.७ आले तर १३५ क्रेडिट लागतात. ए आणि ए मायनसमधला फरक इथे चैनीचा नाही. उलट पहिल्याच वर्षी घसरलेल्याला, म्हणजे ३० क्रेडिटवर २.६ असलेल्याला, ३.५ साठी ५४ क्रेडिट ए पुरतात. भाजक लहान असतानाच सावरलं तर निम्मं काम हलकं होतं.

अ‍ॅमकॅस, म्हणजे एमडीची केंद्रीय अर्ज यंत्रणा, एकूण जीपीएबरोबर बीसीपीएम वेगळा काढते: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ. याचा भाजक लहान, म्हणून तो लवकर हलतो. ४५ बीसीपीएम क्रेडिटवर २.८ असेल आणि वरच्या पातळीचे २४ क्रेडिट ए आले, तर तो ३.२२ होतो. कोणता कोर्स यात धरतात ते नीट पाहा. स्टॅटिस्टिक्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स मॅथमध्ये जातात, न्यूरोसायन्स बायोलॉजीत. सायकॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स आणि न्यूट्रिशन यात येत नाहीत. पब्लिक हेल्थचा कोर्स बायोलॉजी म्हणून टाकलात तर तपासनीस तो बदलतात आणि मनात धरलेला आकडा कोसळतो.

कॉलेजच्या पोर्टलवरचा आकडा खरा मानणं

इथे सर्वांत जास्त जण फसतात. कित्येक युनिव्हर्सिट्या कोर्स पुन्हा केला की जुना ग्रेड गणतीतून काढतात. अ‍ॅमकॅस काढत नाही. तिथे दोन्ही प्रयत्न मोजले जातात. डीओची अ‍ॅकोमास यंत्रणा पूर्वी नवा ग्रेडच धरायची, ती सवलत २०१७ मध्ये संपली. जुन्या माहितीवर विसंबून "डीओला रिपीट करून टाकू" म्हणणारे अजून भेटतात.

मगाचंच उदाहरण घ्या. ९० क्रेडिट, ३.०, त्यात ४ क्रेडिटच्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी. पुन्हा केली, ए आला. कॉलेजच्या हिशेबात ३.०९, अ‍ॅमकॅसच्या हिशेबात ३.०४. नवा कोणताही ४ क्रेडिटचा कोर्स घेऊन ए काढला असता तरी अ‍ॅमकॅसमध्ये ३.०४ च झाला असता. म्हणून सी मायनस किंवा त्याखाली असेल तर पुन्हा करा, कारण बहुतेक मेडिकल स्कूल पूर्वअटीच्या विषयात किमान सी मागतात. सी किंवा बी मायनस असेल तर तोच वेळ बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी किंवा जेनेटिक्सला द्या. गणित तेच, पण वाचणाऱ्याला दिसतं की या विद्यार्थ्याने जास्त अवघड विषयात ए काढला.

आकडे हलवणाऱ्या आणखी काही गोष्टी: ए प्लसला अ‍ॅमकॅसमध्ये ४.० च मिळतात. क्वार्टर पद्धतीचा एक तास म्हणजे सेमिस्टरचा दोन तृतीयांश तास. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटने घेतलेले कोर्सही मोजले जातात, सोळाव्या वर्षी मिळालेला बी सुद्धा. त्या कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट "छोटंसंच होतं" म्हणून गाळू नका. कॉलेज लपवणं ही नियमभंगाची चौकशी लागण्याजोगी बाब आहे. टेक्ससच्या टीएमडीसॅस या वेगळ्या अर्ज यंत्रणेत प्लस-मायनस धरत नाहीत, त्यामुळे ए मायनसचे ढीग असलेल्याला तिथे फायदा आणि बी प्लसवाल्याला तोटा. मात्र तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये राज्याबाहेरच्यांना जागा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतात.

कारण न शोधता पुढचं सेमिस्टर सुरू करणं

सल्लागार "जास्त अभ्यास कर" म्हणतात. हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण कमी गुणांची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

आधी वेळाचा हिशेब करा. एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात एक तास आणि बाहेर दोन तास हा रूढ मापदंड आहे. १६ क्रेडिट म्हणजे ४८ तास. त्यावर १५ तासांची नोकरी आणि लॅबमधले ८ तास चढवले की ७१ होतात, आणि अजून शॅडोइंग (डॉक्टरांचं काम शेजारी राहून पाहणं) आणि व्हॉलंटियरिंग राहिलंच. अशा वेळी बुद्धीला दोष देण्यात अर्थ नाही. १२ ते १४ क्रेडिटवर या, त्यात अवघड विज्ञानाचे दोनच कोर्स ठेवा. मात्र १२ च्या खाली जाण्याआधी आर्थिक मदत आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या अटी तपासा: व्हिसाला सहसा पूर्णवेळ नोंदणी लागते, आणि मदत कमी होऊ शकते.

वेळ पुरत असूनही गुण येत नसतील तर शेवटच्या दोन मिडटर्मच्या उत्तरपत्रिका समोर घ्या. एकही न सोडता प्रत्येक चुकलेला प्रश्न चारपैकी एका रकान्यात टाका: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, आठवलं पण लावता आलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही किंवा वेळ संपला. पहिला रकाना भरला तर सिलॅबसप्रमाणे काम झालेलं नाही. दुसरा भरला तर वाचन आहे पण उजळणी नाही: अंकीसारख्या अ‍ॅपवरची उजळणीची कार्डं रोज फिरवा, आदल्या आठवड्यात एकदम नाही. तिसरा भरला, आणि ऑर्गॅनिक व फिजिक्समध्ये बहुतेकांचा तोच भरतो, तर नोट्स पुन्हा वाचण्यात दिवस घालवू नका. ऑर्गॅनिकची मेकॅनिझम डोळ्यांना ओळखीची वाटते, पण कोऱ्या कागदावर बाण कुठून निघून कुठे जातो हे हाताला येत नाही. पुस्तक मिटून तीच प्रक्रिया तीन वेगवेगळ्या रेणूंवर काढा, मग उत्तर तपासा. चौथ्या रकान्यासाठी जुने पेपर घड्याळ लावून सोडवा.

हे काम पहिल्या मिडटर्मनंतर लगेच व्हायला हवं. बहुतेक कोर्समध्ये ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात येते आणि तेव्हा निम्म्याहून अधिक गुण शिल्लक असतात. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत, जाताना "मला काही समजत नाही" म्हणण्यापेक्षा हीच चार रकान्यांची यादी न्या. प्राध्यापकांनाही बोलायला धागा मिळतो, आणि पुढे शिफारसपत्र लिहायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

अमेरिकेत वाढलेली आपली बरीच मुलं एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या कोर्सचे) भरपूर क्रेडिट घेऊन येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला ऑर्गॅनिकमध्ये बसतात. एपीचे क्रेडिट जीपीएत धरले जात नाहीत, पण त्या उडीत पडलेला बी मायनस धरला जातो. पुढे जाण्याची सूट असली तरी एकदा मूळ कोर्स घेतला तर काही बिघडत नाही.

डब्ल्यू आणि पास-फेल यांचा अंदाज चुकणं

डब्ल्यू, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची नोंद, जीपीएत येत नाही. हातातून निसटणाऱ्या कोर्ससाठी मुदतीत, म्हणजे बहुतेक ठिकाणी साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत, एखादा डब्ल्यू घेणं सी मायनसपेक्षा बरं. दर सेमिस्टरला एक असं होऊ लागलं की वाचणाऱ्याला ती सवयच दिसते. पूर्वअटीच्या विषयांना पास-फेल घेऊ नका, अनेक कॉलेजं ते स्वीकारत नाहीत.

पोस्ट-बॅक आणि एसएमपी यांत गल्लत

पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतर अंडरग्रॅज्युएट पातळीचे कोर्स घेणं. ते अंडरग्रॅज्युएट जीपीएत मिसळतात आणि अर्जात त्यांची वेगळी ओळही येते. स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम, म्हणजे एसएमपी, ग्रॅज्युएट पातळीचा असतो. त्याचा जीपीए वेगळा छापला जातो, जुना एक शतांशही हलत नाही. जॉर्जटाउनचा एसएमपी या प्रकारातला सर्वांत जुना, १९७५ पासूनचा. तिथे विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने त्याच विषयांच्या परीक्षा देतो.

एकूण जीपीए ३.० च्या खाली असेल तर आधी पोस्ट-बॅक करा, कारण कित्येक ठिकाणी ३.० च्या खालचे अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. ३.१ ते ३.४ असेल, पूर्वअटीचे विषय झालेले असतील आणि एमकॅट बरा असेल, तर एसएमपीला अर्थ आहे. मात्र एसएमपीत बी आणि सी आले तर ते मेडिकलच्याच अभ्यासक्रमातले ठरतात, आणि त्यानंतर सांगायला काही उरत नाही. अभ्यासाची पद्धत बदललेली नसताना तिथे उतरू नका. पैशाचंही बघा: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठीचं केंद्रीय कर्ज, बंद, आणि मास्टर्ससाठी केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर राहते. स्थानिक सरकारी युनिव्हर्सिटीत स्वतः जुळवलेला पोस्ट-बॅक, दोन सेमिस्टर, प्रत्येकी १२ क्रेडिट, बहुतेकांना पुरतो. कम्युनिटी कॉलेज चालतं, पण वरच्या पातळीचे काही कोर्स चार वर्षांच्या कॉलेजातून असावेत.

भारतात बीएस्सी करून अमेरिकेत आलेल्यांसाठी प्रश्न निराळा आहे. परदेशी कॉलेजचे गुण अ‍ॅमकॅस जीपीएत धरत नाही, त्यामुळे पुणे विद्यापीठातला जुना द्वितीय वर्ग तिथे नडत नाही. पण त्याने काही सिद्धही होत नाही. बहुतेक मेडिकल स्कूल अमेरिकेतला अभ्यासक्रम मागतात, त्यामुळे पोस्ट-बॅक हाच तुमचा पहिला जीपीए ठरतो. ग्रीन कार्ड नसेल तर कोणतं कॉलेज अर्ज घेतं ते फी भरण्याआधीच पाहा. बरीच घेत नाहीत.

एमकॅटने भरून निघेल ही समजूत

उत्तम एमकॅट जीपीए झाकत नाही, पण अलीकडच्या ए ग्रेडना पुरावा देतो. म्हणून आधी ग्रेड, मग परीक्षा. परीक्षा आयुष्यात सात वेळा आणि एका वर्षात तीन वेळा देता येते, आणि सगळे निकाल दिसतात. एमकॅट घेणाऱ्या एएएमसी या संस्थेच्या पूर्ण सराव परीक्षांची सरासरी लक्ष्याच्या दोन-तीन गुणांत येईपर्यंत तारीख पुढे ढकला.

सुधारणा दिसण्याआधी अर्ज

अ‍ॅमकॅस मे महिन्यात उघडतं, अर्ज मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला जमा होतात. गर्दीत पडताळणीला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आणि जागा अर्ज येतील तशा वाटल्या जातात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, चढता आलेख नुकताच सुरू झालेला असताना अर्ज केलात तर चौथ्या वर्षाचे ए अर्जाच्या जीपीएत नसतात. अर्जात वर्षवार ओळी छापल्या जातात: पहिलं वर्ष २.७, दुसरं ३.१, तिसरं ३.६. त्याखाली ३.९ ची चौथी आणि ४.० ची पोस्ट-बॅकची ओळ असेल तर वाचणाऱ्याला ज्या विद्यार्थ्याची ओळख होते, तो निराळाच असतो. एक-दोन गॅप इयरला "वर्ष वाया" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा तक्ता दाखवा. पहिल्या कॉलेजचे सुमारे १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे चाळीसच्या वर आणि सेकंडरी (प्रत्येक कॉलेजच्या पुढच्या टप्प्यातल्या) अर्जांचे बहुधा शंभराच्या घरात, असा खर्च दोनदा करण्यापेक्षा एकदाच केलेला बरा.

घाईचं दुसरं रूप म्हणजे कॅरिबियन बेटांवरची मेडिकल स्कूल. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटल प्रशिक्षणाच्या जागावाटपात, अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांना ९३.५ टक्के, डीओंना ९२.३ टक्के, तर परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांना ६७ टक्के यश आलं. शिवाय मधेच गळालेली मुलं या टक्केवारीत नसतात. डीओला अर्ज न करताच तिकडे जाणं हा घाट्याचा सौदा आहे.

कारण सांगताना

पर्सनल स्टेटमेंटला, म्हणजे अर्जातल्या स्वतःबद्दलच्या निबंधाला, ५,३०० अक्षरं मिळतात. त्यातली निम्मी जीपीएच्या सफाईत घालवू नका, पण ताकाला जाऊन भांडंही लपवू नका. आजारपण, घरची जबाबदारी, चुकलेली पद्धत यांपैकी जे खरं असेल ते दोन-तीन वाक्यांत, मग काय बदललं आणि कोणत्या सेमिस्टरपासून गुणांत दिसलं, तेवढंच. प्राध्यापकाला दोष देणारं वाक्य काढून टाका. आणि सेकंडरीत तोच प्रश्न पुन्हा आला तर जुनंच उत्तर चिकटवू नका, त्यानंतर पूर्ण झालेल्या सेमिस्टरचे ग्रेड जोडा.