वाटाड्याशिवाय विजापूर

सोलापूरहून विजापूर साधारण 100 किलोमीटर. मोबाइलच्या नकाशात मात्र ‘विजयपुरा’ टाका. 2014 पासून तेच अधिकृत नाव आहे, आणि नुसतं ‘बिजापूर’ टाकलं तर छत्तीसगडचं गाव समोर येऊ शकतं.

शहराचा तट ओबडधोबड गोल, घेर 10 किलोमीटरच्या आसपास. मधोमध अर्किल्ला म्हणजे बालेकिल्ला, पूर्वेला गोलघुमट, पश्चिम तटावर मुलूखमैदान तोफ, तटाबाहेर त्याच दिशेला इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकायचं. उलटं गेलात तर घुमट दुपारी वाट्याला येतो, तेव्हा सहलीच्या पोरांच्या आरोळ्यांत काही ऐकू येत नाही.

घुमट सकाळी 6 ला उघडतो, तेव्हाच आत शिरा. जिने कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांत आहेत, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे. एक हात मोकळा ठेवा. वर पोचल्यावर आधी बाहेरच्या गच्चीवरून पश्चिमेला बघा: पुढचा अख्खा दिवस तिथून दिसतो.

मग आतला सज्जा. एकानं भिंतीलगत तोंड नेऊन कुजबुजायचं, दुसऱ्यानं बरोबर समोर, सुमारे 38 मीटरवर, भिंतीशी कान लावायचा. मधल्या पोकळीकडे तोंड करून बोललं की फसतं, कारण कुजबुज भिंतीच्या वळणाला धरून पलीकडे जाते. टाळी एकच वाजवा आणि गप्प राहा. सात-आठ वेळा तरी परत येते. घाईनं दुसरी वाजवली की नुसता कालवा.

जामा मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नका. एरवी चपला काढून जमीन बघा: एकेका नमाज्यापुरते चौकोन आखलेत, दोन हजारांहून जास्त. अर्किल्ल्यात गगनमहालाची मधली कमान पाहिली तरी पुरे.

रिक्षा दर टप्प्याला नवी करा. दिवसभराची ठरवली की रिक्षावालाच वाटाड्या होतो.

उपळी बुरुजाला बाहेरून वळत जाणारा जिना आहे, उंची सुमारे 24 मीटर. वर सावलीचा पत्ता नाही, टोपी हवीच. जवळच शेर्झा बुरुजावर मुलूखमैदान: 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, 1632 मध्ये परांड्याहून आणलेली, वजन 55 टनांच्या घरात. लांबून फोटो काढून निघू नका. तोंडाशी जाऊन बघा: सिंहाचा जबडा आणि दातांत चिरडलेला हत्ती. औरंगजेबानं 1686 मध्ये विजापूर घेतलं, त्याचा लेखही तोफेवर आहे.

इब्राहिम रोजाला चारच्या सुमारास पोचा, 6 ला बंद होतो. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरंच. आधी बाहेरून पाहा, मग जमलं तर आतून, उजेड त्या अक्षरांतून येताना. परतीची रिक्षा आत जाण्याआधीच बोलून ठेवा.