हिवाळी सल्ला : इंजिन खोललंच आहे, तर हीटर प्लग बदलावेत का?

मार्गशीर्ष-पौषात जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल वेळेवर उतरवायचा तर पिकअप मध्यरात्रीनंतरच सुरू करावी लागते, आणि याच दिवसांत ती नखरे करते. सेल्फ फिरतो, इंजिन दोन-चार ठोके देतं, पांढरा धूर सोडतं आणि बसतं. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं : "हीटर गेलेत, चारही टाका." हीटर म्हणजे हीटर प्लग, थंड डिझेल इंजिन पेटावं म्हणून विजेने तापणारी छोटी कांडी. गॅरेजवाल्याचं कधी बरोबर असतं, कधी दुखणं बॅटरीत असतं.

आधी आपल्या इंजिनात हीटर प्लग आहेत का, तेच बघा. शेतावर नेहमी दिसणाऱ्या ३५ ते ५० अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यांना हे प्लग नसतातच. विहिरीवरच्या जुन्या डिझेल पंपालाही नसतात. डिझेलवरच्या पिकअप, जीप, टेम्पो आणि द्राक्षबागेत फिरणारे काही छोटे ट्रॅक्टर यांच्यात मात्र ते असतात. डॅशबोर्डवर तारेच्या वेटोळ्याचा दिवा लागत असेल तर प्लग आहेत असं समजा. तो दिवा विझायच्या आत सेल्फ मारायची सवय असेल, तर खर्चाआधी ती सोडून बघा.

प्रत्येक सिलिंडरला एक प्लग. चावी फिरवली की त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होतं, ८०० अंशांच्या वर जातं. जुन्या पद्धतीच्या, डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या इंजिनांना थंडीत याच्याशिवाय चालत नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे मोठ्या दाबाने डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नव्या गाड्या आपल्याकडच्या थंडीत एखादा प्लग मेलेला असला तरी बहुधा सुरू होतात. पहिलं मिनिटभर खडखडतात, धूर जास्त टाकतात, पण सुरू होतात म्हणून मालकाचं लक्षच जात नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर प्लगचा नाद सोडा आणि नोझल (डिझेल फवारणारा भाग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याखालचं पॅकिंग) तपासून घ्या.

तपासणी साधी आहे, पाच-दहा मिनिटांची. इंजिन थंड असताना प्लगवरची वायर किंवा पट्टी काढा. मल्टीमीटर ओहमवर लावून त्याच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवा. जो आकडा दिसेल तो मीटरच्या वायरींचा, तो पुढच्या मापातून वजा करायचा. मग एक पिन प्लगच्या बाहेरच्या, वायर काढलेल्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. धातूचा, बारा व्होल्टचा चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत राहतो. मीटर आकडाच देत नसेल (शून्य नव्हे) तर आतली तार तुटली. एकट्या आकड्यापेक्षा चौघांची तुलना करा, वेगळा पडलेला ओळखू येतो. चारही चांगले निघाले तर रिले (प्लगना वीज सोडणारा स्विच), फ्यूज आणि बॅटरीकडे वळा. चार प्लग मिळून बॅटरीतून चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढतात, त्यामुळे अशक्त बॅटरी इथेच उघडी पडते.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्या कामासाठी हेड उतरलं असेल किंवा प्लगपर्यंत हात जायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) काढलेलं असेल, आणि प्लग जुने असतील, तर सगळा संच बदला. पुन्हा तेवढंच खोलायची मजुरी प्लगच्या किमतीपेक्षा महाग पडते. मात्र इंजिन खोललेलं नाही, गाडी थंडीत व्यवस्थित सुरू होते, माप बरोबर आहे, तर "आलोच आहोत तर बदलू" म्हणून हात लावू नका. कार्बनने जाम झालेला प्लग पाना लावताच मोडतो. टोक हेडमध्ये राहिलं की दोन-तीन हजारांत आटोपणारं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं, आणि तेही ऐन सीझनमध्ये. एकच मेला असेल आणि बाकीचे अलीकडचे असतील तर एकच टाका. दोन गेले असतील तर संच घ्या.

काढायचाच असेल तर आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन चांगलं गरम करा, मग हळूहळू पुढे-मागे करत सोडवा. अडला तर जोर करू नका, पुन्हा तेल आणि पुन्हा गरम. बाहेर आलेल्या प्लगचं टोक निरखून बघा. फुगलेलं किंवा वितळलेलं असेल तर नवा टाकण्याआधी नोझल तपासा, नाहीतर नवाही तसाच जाईल. सगळेच एकदम जळाले असतील तर रिले चिकटलेला असू शकतो.

नाना पेठेत स्पेअर घ्यायला जाताना जुना प्लग सोबत न्या. लांबी, आटे आणि अंगावर छापलेला व्होल्ट तिन्ही जुळले पाहिजेत. नव्या गाड्यांचे काही प्लग चार-पाच व्होल्टचे असतात. ते चाचणीसाठी थेट बॅटरीला जोडले की जागेवर जळतात. बसवताना आधी हाताने आटे लावा आणि शेवटी टॉर्क पान्याने (किती जोर लागतो ते मोजणारा पाना) पाकिटावर दिलेल्या मापापर्यंतच आवळा. बारीक, ८ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात.

आणि प्लगच्या इंजिनात हवेच्या नळीतून स्टार्टिंग स्प्रे मारू नका, एअर क्लीनरजवळ पेटता बोळाही धरू नका. तापलेल्या टोकाशी स्प्रेचा भडका उडाला की पिस्टन फुटू शकतो.