मृगाआधीची तयारी : गावच्या सर्व्हरवर फाइलसमोरची तारीख

वाचनालयातल्या जुन्या संगणकावर अपाची किंवा एनजिनएक्स हे फाइली पुरवणारे सर्व्हर-सॉफ्टवेअर बसवायचे आणि वायफायच्या टप्प्यातल्या मोबाइलवर फाइलींची साधी यादी दाखवायची, एवढी सोय विदर्भातल्या लहान गावातही करता येते. त्या यादीत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सल्ले ठेवता येतात, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव ठेवता येतात. यादी उघडणारा नाव वाचतो आणि तारीख बघतो. पऱ्हाटीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कोणता सल्ला ताजा, हे त्याला त्या एका रकान्यावरून ठरवायचे असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीच्या कागदावरची तारीख त्यामुळे मला किरकोळ वाटत नाही. मृग लागायच्या आत ही तयारी उरकून घ्या.

सुरुवात घड्याळापासून करा, कारण तेच चुकले तर पुढचे सगळे वाया. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपला असेल, तर लाईन गेली की संगणक कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतो. सेल बदलून टाका. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरत असाल तर चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डात स्वतःचे घड्याळच नाही आणि पाचव्यात आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट नसताना असा बोर्ड बंद पडून सुरू झाला, की शेवटची जपलेली वेळ धरून पुढे चालतो. चार तास लाईन नव्हती, तर घड्याळ चार तास मागे. डीएस३२३१ हे स्वतःची बॅटरी असलेले घड्याळाचे छोटे मॉड्यूल लावले की हा प्रश्न सुटतो. मग लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा चालवून टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे ना ते बघा.

आता सर्व्हरची सेटिंग. एनजिनएक्सची यादी मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दाखवते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. ७ जूनला पहाटे ५ वाजता ठेवलेली फाइल ६ जूनची दिसते. ‘ऑटोइंडेक्स लोकलटाइम’ ही सेटिंग ऑन केली की काम झाले. अपाची सर्व्हरची स्थानिक वेळच दाखवते, पण वेळ कुठल्या झोनची हे लिहीत नाही. तिथे ‘फॅन्सीइंडेक्सिंग’ (रकान्यांसह यादी) चालू हवे आणि ‘सप्रेसलास्टमॉडिफाइड’ कुणी लावून ठेवले असेल तर काढा, नाहीतर तारखेचा रकानाच गायब असतो. अपाचीच्या २.२ आवृत्तीपर्यंत तारीख ‘०७-जून-२०२४’ अशा धर्तीवर, महिन्याचे इंग्रजी लघुरूप घेऊन यायची. नंतर ती ‘२०२४-०६-०७’ झाली, आणि हा बदल अनवधानाने झाल्याचे त्यांच्याच दस्तऐवजात लिहिले आहे. जुनी पद्धत हवी असेल तर २.४.२६ पासून ‘यूजओल्डडेटफॉरमॅट’ हा पर्याय आहे. माझ्या मते गावात तोच लावावा. ०७ आणि ०६ यांतला दिवस कोणता नि महिना कोणता, हा घोळ महिना शब्दात आला की राहत नाही. सोबत ‘इंडेक्सऑर्डरडिफॉल्ट’ला ‘डिसेंडिंग डेट’ द्या, म्हणजे ताजी फाइल सगळ्यात वर येईल.

फाइलींची नावे मराठीत असतील तर अपाचीत कॅरॅक्टर सेट (अक्षरे साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा आणि ‘नेमविड्थ’ला, म्हणजे नावाच्या रकान्याच्या रुंदीला, तारांकन (*) द्या. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. रकाना आखूड असला की नाव अर्ध्यातच तुटते.

तारीख मराठीतच दिसावी असे वाटत असेल, तर एनजिनएक्स १.७.९ पासून हीच यादी जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात, देऊ शकतो. त्यातली वेळ जीएमटीत, म्हणजे यूटीसीसारखीच, असते. एक छोटे वेबपान करून त्यातल्या जावास्क्रिप्टला ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) सांगितले, की ‘७ जून, २०२४’ असे मराठी अंकांत उमटते आणि वेळही फोनच्या झोनप्रमाणे येते. एनजिनएक्सच्या साध्या यादीत तारखेनुसार क्रम लावायची सेटिंग नाही. या पानावर तोही लावता येतो. थोडी मेहनत आहे, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही ती तारीख वाचता येते, म्हणून करावी.

यापुढचा भाग सगळ्यात दुर्लक्षित. यादीत दिसते ती फाइल शेवटची बदलल्याची तारीख. सल्ला कधी निघाला, ते तिला माहीत नसते. व्हॉट्सअॅपवरून आलेली मागच्या वर्षीची पीडीएफ आज उतरवली तर ती आजची दिसेल. लिनक्सवर ‘सीपी’ या साध्या आज्ञेने कॉपी केली तरी तारीख आजची होते. ‘सीपी’ला ‘-पी’ जोडा किंवा ‘आरसिंक’ या कॉपीच्या दुसऱ्या आज्ञेला ‘-ए’, म्हणजे मूळ तारीख टिकते. बिघडलेली तारीख ‘टच’ या आज्ञेने दुरुस्त होते. फोल्डरसमोरच्या तारखेवर तर विसंबूच नका, कारण आतल्या फाइलचा मजकूर बदलला तरी ती हलत नाही. म्हणून प्रत्येक सल्ल्याच्या नावातच कागदावर छापलेली तारीख घाला, ‘२०२४-०६-०७ कापूस फवारणी’ अशी, साल आधी. नावात साल आधी आणि रकान्यात महिना शब्दात, हे मी जाणूनबुजून सुचवतो. नावावरून क्रम नीट लागतो, रकाना डोळ्यांनी वाचायचा असतो.

मागच्या हंगामांचे सल्ले ‘जुने’ फोल्डरमध्ये हलवा, पुसू नका.

सगळे झाले की संगणकाची वायर काढून तासाभराने पुन्हा लावा, एक नवी फाइल ठेवा, आणि या कामात नसलेल्या एखाद्या काकूंना त्यांच्या मोबाइलवर यादी उघडून सगळ्यात ताजा सल्ला दाखवायला सांगा. त्या अडखळल्या तर रकाना अजून नीट झालेला नाही.